न दिलेला अभिप्राय

३ ऑगस्ट

पुन्हा तिचाच फोटो! पान तीन, वरच्या बाजूला. विषय काय, तर 'राष्ट्रप्रमुखांच्या अधिकारांना मर्यादा किती?' तीन तज्ज्ञ बसलेत आणि मधोमध आमची गुणाची. एकतीस वर्षं मी या एका विषयाचा कीस पाडतोय. तिला जेमतेम आठ झाली असतील. वार्ताहराने मलाही फोन केला होता म्हणा — तिचा नंबर विचारायला. दिला. अगदी गोड आवाजात दिला.

गुणाची हे नाव मीच पाडलेलं, ती माझ्या वर्गात होती तेव्हा. माझं पुस्तक ग्रंथालयातून नेलं आणि परत करताना आत चिठ्ठी ठेवली — 'सर, तळटिपांमधले चौदा पृष्ठक्रमांक चुकलेत, बरोबर आकडे खाली दिलेत.' केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा! घरी येऊन हिला चिठ्ठी वाचून दाखवली होती.

ही आज फोटो बघून म्हणाली, "छान दिसते पोरगी." मी म्हटलं, फोटोग्राफर चांगला असेल.

११ ऑगस्ट

विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाकडून जाडजूड पाकीट. हस्तलिखित, चारशे बारा पानं. मी परीक्षक. छापावं की छापू नये, एवढं कारणांसह सांगायचं. लेखकाचं नाव मला माहीत नसतं, माझं लेखकाला कळत नाही — ही आमच्याकडची रीत. सोबत संपादकांची चिठ्ठी : 'या विषयात आपल्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही. सहा आठवड्यांत जमेल ना?'

चिठ्ठी दोनदा वाचली. दिवस बरा गेला.

१२ ऑगस्ट

तिसऱ्या पानावर ओळखलं. तिचंच आहे.

एक विशेषण नाही. वाक्य दहा शब्दांच्या वर जात नाही. असं लिहायला मीच तिला शिकवलं आणि मला स्वतःला ते आयुष्यात जमलं नाही. नियमाप्रमाणे संपादकांना लगेच कळवायला हवं की लेखिका ओळखीची आहे, दुसरा परीक्षक बघा. उद्या कळवतो.

१३ ऑगस्ट

नाही कळवलं. आधी वाचून तरी बघू.

१९ ऑगस्ट

चार प्रकरणं झाली. मला बरं वाटत नाहीये.

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. कायदेमंडळ विधेयक मंजूर करतं, ते राष्ट्रप्रमुखाकडे सहीला जातं. सही केली तर कायदा होतो. परत पाठवलं तर पुन्हा चर्चा होते. पण त्याने काहीच केलं नाही तर? नुसतं ठेवून दिलं तर? राज्यघटनेत मुदत नाही. या 'काहीच न करण्या'वर माझं अख्खं करिअर उभं आहे. माझं म्हणणं असं, की ते मौन विचारपूर्वक असतं. राष्ट्रप्रमुख न बोलता नकार देतो, म्हणून त्याने कारणं द्यायला हवीत. हे सिद्ध करायला मी निकाल वाचले, भाषणं वाचली, आठवणींची पुस्तकं वाचली. विद्यार्थी अजून परीक्षेत 'विचारपूर्वक मौन' असं लिहितात आणि पाच गुण घेतात.

ही बया काय करते? अभिलेखागारात जाऊन बसते आणि आवक-जावक वह्या काढते! चौसष्ट विधेयकं. कोणती फाईल कोणत्या तारखेला आली, कोणत्या टेबलावर गेली, किती दिवस राहिली. आणि काय सापडतं? निम्म्याहून जास्त फाईली कोणी उघडल्याच नव्हत्या. राष्ट्रप्रमुखापर्यंत गेल्याच नव्हत्या. एकीची नाडी पहिल्या दिवशी बांधली तशीच होती, गाठीखालचा कागद पांढरा आणि बाजूचा पिवळा. विचार नाही, मौन नाही, काहीच नाही. कपाट.

आणि पान शहाण्णववर तळटीप. माझ्या पुस्तकाचा उल्लेख. 'लेखकाने हे मौन विचारपूर्वक मानले आहे. त्या काळी वह्या उपलब्ध नव्हत्या.'

उपलब्ध होत्या! मी गेलो नाही, एवढंच. तिला ते माहीत आहे आणि तिने मला झाकून घेतलंय. याचाच राग जास्त येतोय.

२० ऑगस्ट

पाकीट कॉलेजातल्या कपाटात ठेवलं. घरी नको.

२२ सप्टेंबर

आज मुदत संपली. परीक्षांचे दिवस आहेत, सगळ्यांना माहीत आहे.

१६ ऑक्टोबर

संपादकांचा फोन. "सर, घाई नाही, सहज आठवण केली." मी म्हटलं, काम गंभीर आहे, वरवर वाचून चालणार नाही. ते म्हणाले, "म्हणूनच तर तुमच्याकडे पाठवलं." मग हवापाण्याच्या गप्पा.

खोटं काहीच बोललो नाही.

४ नोव्हेंबर

गुणाची घरी आली होती. सोबत पेरूंची पिशवी आणि चेहऱ्यावर काळजी. हिने तिला जवळ बसवून घेतलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं. मी आपला वर्तमानपत्रात डोकं घालून.

मग म्हणाली, "सर, तुम्हाला एक विचारायचं होतं. माझं पुस्तक प्रकाशन विभागाकडे आहे. परीक्षकाचं उत्तरच येत नाही. आपल्या विभागातली माझी नेमणूक तात्पुरती आहे ना, तीस एप्रिलपर्यंत पुस्तक स्वीकारल्याचं पत्र दाखवलं तरच कायम करणार आहेत. संपादकांना जरा आठवण करू का?"

मी चष्मा पुसला. म्हटलं, "करू नकोस. घाई केली की वाईट दिसतं. परीक्षक नाराज झाला तर?"

"तसं होय," ती म्हणाली. "बरं झालं तुम्हाला विचारलं."

दारापर्यंत सोडायला गेलो. चप्पल घालताना म्हणाली, "सर, तुम्ही वाचलं असतंत तर किती बरं झालं असतं." मी म्हटलं, छापून आलं की वाचेनच.

पेरू गोड निघाले. मी दोन खाल्ले.

५ नोव्हेंबर

काल जे केलं ते बरोबर नव्हतं. पण नियम असा आहे की परीक्षकाने ओळख सांगायची नसते. मी नियम पाळला.

१८ डिसेंबर

संपादकांची दुसरी चिठ्ठी, जरा तुटक. उत्तर दिलं : 'विचाराधीन आहे.'

लिहून झाल्यावर हात थांबला. हा शब्द मी माझ्या पुस्तकात कितीदा तरी वापरलाय, आणि एकदाही चांगल्या अर्थाने नाही. तरी पाठवून दिलं.

९ जानेवारी

विद्यापीठातलं माझं व्याख्यान जंगी झालं. सभागृहात मागच्या बाजूला लोक उभे होते. 'सही न करणं हीसुद्धा सत्ता आहे, आणि ती सर्वांत भित्री सत्ता आहे' — यावर टाळ्या थांबेनात. कुलगुरू स्वतः उठून हात मिळवायला आले. गुणाची चौथ्या रांगेत, खाली मान घालून टिपणं घेत होती. अजून माझी टिपणं घेते! बरं वाटलं. नंतर लोकांनी तिला घेरलं, माझ्याभोवतीचे तिघेही तिकडेच गेले. मग बरं वाटेना.

कॉलेजात येऊन चष्म्याचं घर काढायला कपाट उघडलं. पाकीट समोरच. कपाट लावून टाकलं. व्याख्यानाचा आणि पाकिटाचा काही संबंध नाही.

२७ जानेवारी

ग्रंथपाल बाईंनी कारण नसताना माझ्या पुस्तकाचं कार्ड काढून दाखवलं. म्हणे, कार्डं जाऊन संगणक येतोय, तुम्हाला गंमत दाखवते. कोणी कितीदा नेलं त्याच्या नोंदी. गेल्या आठ वर्षांत एकूण एकोणीस. त्यातल्या अकरा तिच्याच.

म्हणजे माझा वाचकवर्ग म्हणजे ती. मी हसलो, बाईही हसल्या. घरी येईपर्यंत अंगाचा तिळपापड झाला होता. का, ते नीट सांगता येत नाही.

१४ फेब्रुवारी

हिला कळलं. कपाट उघडून नाही — माझ्याच तोंडून निसटलं. जेवताना म्हणालो, तिच्या तिसऱ्या प्रकरणाची बांधणी ढिली आहे. ही म्हणाली, "छापलं कधी ते पुस्तक?"

हिने चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेत, हेड नर्स म्हणून निवृत्त झाली. हिच्यासमोर मोठमोठे डॉक्टर खोटं बोलू शकले नाहीत, माझी काय कथा. सगळं सांगितलं.

ताट उचलता उचलता ही म्हणाली, "वाईट असेल तर वाईट म्हणून लिहा की. कोणी अडवलंय? चांगलं असेल तर चांगलं लिहा. पण माणूस ताटकळत ठेवायचा नाही हो. आमच्याकडे तेवढ्यासाठी मेमो मिळायचा."

मी म्हटलं, तुला या क्षेत्रातलं कळत नाही.

"नाही कळत," ती म्हणाली आणि नळ सोडला.

१५ फेब्रुवारी

ही बोलत नाही.

२ मार्च

खरं सांगू का? (कोणाला सांगतोय? वहीलाच.) वाईट म्हणून लिहायला चारदा बसलो. 'संशोधनाची व्याप्ती मर्यादित' — नाही. 'सैद्धांतिक चौकट अपुरी' — खोटं आहे. दोन ओळींच्या पुढे गेलो नाही. चांगलं म्हणून लिहायला एकदाही बसलो नाही.

नकार द्यायला कारणं लागतात. होकार द्यायला काळीज लागतं. ठेवून द्यायला काहीच लागत नाही.

३० एप्रिल

आज काय तारीख आहे ते ठाऊक आहे. दिवसभर उत्तरपत्रिका तपासल्या. सगळ्यांना सढळ हाताने गुण दिले.

११ मे

तिची खोली रिकामी झाली. दारावरची पाटी काढली, चार स्क्रूंची भोकं तेवढी दिसतात. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "दुसरीकडे कुठेतरी लागली म्हणे. शिकवण्याचं काम नाही. जाताना सगळी पुस्तकं परत करून गेली, एकही दिवस उशीर नाही."

आधी हलकं वाटलं. लिहून ठेवतो, कारण इथे तरी लपवायचं नाही : तासभर छान हलकं वाटलं. चहा प्यायलो, सहकाऱ्यांशी गप्पा मारल्या. मग जिन्यावरून उतरताना मध्येच कठड्याला धरून उभा राहिलो. विभागात आता माझ्या विषयाचं दुसरं कोणी नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी एकटा आहे, आणि बोलायला कोणी नाही.

६ जून

बातमी! मोठी बातमी! सर्वोच्च न्यायालयाने मला न्यायमित्र नेमलं — कोणत्याही पक्षाचा नाही, न्यायालयाला मदत करायची. प्रकरण माझंच : एक विधेयक वीस महिने सहीविना पडून आहे. बोगदे खणून फुप्फुसं गेलेल्या मजुरांना मोफत उपचार. कायदेमंडळाने एकमताने मंजूर केलेलं. मजूर न्यायालयात गेलेत.

यासाठीच तर सगळा अट्टाहास केला होता! हिला सांगितलं. "छान," म्हणाली. फेब्रुवारीपासून ही एवढंच बोलते.

पहिल्यांदा मनात आलं ते असं : ही बातमी गुणाचीला वाचायला मिळेल.

१७ जून

मजुरांच्या वकिलांकडे बैठक. त्यांना सगळे तोफ म्हणतात, आवाजच तसा आहे. बाहेर बाकावर दोन मजूर बसलेले. एकजण वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घ्यायचा आणि मग उरलेलं बोलायचा. म्हणाला, "साहेब, आमच्या गटातले... अठरा जण होते... अकरा आहोत. सही झाली का... एवढंच विचारायला येतो."

आत तोफ म्हणाले, "प्राध्यापक, तुमचा सिद्धांत उत्तम. मौन म्हणजे नकार, नकाराला कारण हवं. पण मला पुरावा द्या. या फाईली आत जाऊन पडतात कुठे? तारखा पाहिजेत. नोंदी पाहिजेत. कोणी काढल्यात का?"

मी म्हटलं, माझ्या माहितीत नाही.

मजुरांच्या समोरून बाहेर पडावं लागलं. दुसरा दरवाजा नव्हता.

१८ जून

कपाटातून पाकीट काढलं. घरी आणलं. ही दारातच उभी होती. पाकिटाकडे पाहिलं, बाजूला सरकली, जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलून जागा करून दिली.

२० जून

तीन दिवसांत नऊच्या नऊ प्रकरणं. पुढचा भाग मी वाचलाच नव्हता. मी चौथ्यावरच अडलो होतो, स्वतःच्या तळटिपेपाशी.

किती सुंदर आहे! जळतो मी, अजूनही जळतो, प्रत्येक पानावर जळलो. पण सुंदर आहे. मला जे तीस वर्षं दिसलं नाही ते ही पोरगी वहीच्या रकान्यात बोट ठेवून दाखवते. अभिप्राय लिहिला, सात पानं. पहिल्यांदाच विशेषणं खोडावी लागली. शेवटी लिहिलं : 'त्वरित प्रकाशित करावे. विलंबाचा दोष पूर्णपणे परीक्षकाचा.' आणि खाली, रीत मोडून, सही केली.

सायंकाळी स्वतः जाऊन प्रकाशन विभागात देऊन आलो. ही म्हणाली, "या, वाढते."

२३ जून

संपादकांचं पत्र. 'आपला अभिप्राय मिळाला. आभारी आहोत. तथापि लेखिकेने सहा आठवड्यांपूर्वीच हस्तलिखित कायमचे मागे घेतले असून इतरत्र प्रकाशित करण्याचा विचार नसल्याचे कळवले आहे. नियमानुसार आपल्याकडील प्रत नष्ट करावी, तिच्यातील मजकुराचा कोठेही वापर करू नये.'

तिला फोन लावला. नंबर बदललाय.

२४ जून

प्रत फाडली. चारशे बारा पानं, पाच-पाच करून. हात दुखले. हिने मदत केली, एकही पान वाचलं नाही.

२९ जुलै

माझं लेखी निवेदन न्यायालयात दाखल. पाया माझाच जुना सिद्धांत : मौन विचारपूर्वक असतं, म्हणून तो नकार, म्हणून कारणं द्या. आता माझा स्वतःचा त्यावर विश्वास नाही. पण माझ्या नावावर दुसरं काही नाही.

१९ ऑगस्ट

सरकारचं उत्तर आलं. अडतीस पानं. सही सरकारी महाअधिवक्त्यांची, पण त्यांचं लिखाण मी ओळखतो, पानभर लांबीची वाक्यं असतात. यात एक विशेषण नाही. दहा शब्दांच्या वर वाक्य नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, 'मसुदा' या शब्दापुढे, तिचं नाव.

म्हणजे दुसरीकडे लागली ती इथे.

युक्तिवाद साधा. फाईल कोणी उघडलेलीच नाही. त्यामुळे विचार झालेला नाही. विचार नाही म्हणजे नकार नाही. नकारच नाही, तर न्यायालयाने तपासायचं काय? न्यायमित्रांचा सिद्धांत कोसळतो. सोबत आवक-जावक वहीचा उतारा.

दोनदा वाचलं. कुठे फट नाही. मजूर हरणार.

२० ऑगस्ट

याला उत्तर आहे. मी फाडलेल्या त्या हस्तलिखिताच्या सातव्या प्रकरणात तिने स्वतःच दिलेलं, एकोणीस पानांचं, बिनतोड. सोमवारी सुनावणी आहे. ते वाचलेला जगात मी एकटाच.